गावापासून दूर येळवस कशी साजरी करावी: जागा, कोप, आंबील, भज्जी आणि पंगत

मार्गशीर्ष अमावास्येच्या दुपारी लातूर शहरात फिरून बघा. रस्ते ओस, दुकानं बंद, रिक्षा मिळायची मारामार. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि सगळं गाव शेतात असतं. ज्याला शेत आहे तो स्वतःच्या शेतात, ज्याला नाही तो कुणाच्या तरी शेतात. लातूर आणि धाराशिव जिल्हे, नांदेडचा दक्षिण भाग, सोलापूरचा कर्नाटकाला लागून असलेला पट्टा आणि सीमेपलीकडचे बीदर, कलबुर्गी हा या सणाचा मुलूख. पंचांगात आणि वर्तमानपत्रात तिला वेळ अमावास्या म्हणतात, घरात येळवस, कर्नाटकात एळ्ळ अमावास्या. रब्बीची ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. अशा वेळी काळ्या आईची ओटी भरून तिला पहिला घास द्यायचा, हा या दिवसाचा गाभा.

आता या मुलखातली किती तरी माणसं पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत, बंगळुरात आणि समुद्रापलीकडं आहेत. बहुतेकांची येळवस भज्जीच्या, म्हणजे ओल्या दाण्यांच्या आणि पालेभाज्यांच्या घट्ट भाजीच्या, एका पातेल्यावर भागते. भज्जी छान होते, फोटोही निघतात, पण संध्याकाळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. माझ्या मते राहतात त्या दोन गोष्टी: मातीला दिलेला घास आणि ज्याला शेत नाही त्याच्यापुढं मांडलेलं ताट. या दोन्ही जमल्या की येळवस झाली, मग ताटात चार पदार्थ कमी असले तरी चालतील. पुढची सगळी तयारी हे डोळ्यांपुढं ठेवून सांगितली आहे.

आधी तारीख

मार्गशीर्ष अमावास्या साधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही येते. अधिक महिना येऊन गेला की ती पुढं सरकते. म्हणूनच २०२३ या वर्षात ती आलीच नाही आणि २०२४ मध्ये दोनदा आली: ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये ती १९ डिसेंबरला होती. नवं पंचांग किंवा कॅलेंडर हातात आलं की पहिल्यांदा ही तारीख खूण करून ठेवा, कारण आपल्या मुलखाबाहेर या दिवसाची सुट्टी कुठंच नसते आणि रजा आधी टाकावी लागते.

परदेशात असाल तर तुमच्या शहराचं पंचांग बघा. तिथी तिथल्या सूर्योदयावरून धरायची असते, त्यामुळं एखाद्या वर्षी एका दिवसाचा फरक पडू शकतो. रजा मिळत नसेल तर मी असं सुचवीन: अमावास्येच्या दिवशी सकाळी घरातच कुंडीपुढं नैवेद्य दाखवून मातीला घास द्यावा आणि पंगत त्यानंतरच्या रविवारी करावी. सगळाच सण रविवारी ढकलला की मुलांना तो सहल वाटतो.

जागा शोधणं

हे काम किमान तीन आठवडे आधी सुरू करा. सगळ्यात उत्तम म्हणजे उभं पीक असलेलं शेत. पुण्याच्या आसपास शिरूर, दौंड, इंदापूर, पुरंदर या भागांत रब्बी ज्वारी होते. तिथल्या शेतकऱ्याला येळवस ठाऊक असेलच असं नाही. त्याला फोनवर सांगून भागत नाही, एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा. 'आम्ही लातूरकडचे, आमच्याकडं या दिवशी शेताची पूजा करतात, तुमच्या बांधावर करू द्याल का' एवढं सरळ विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. शेताची पूजा करायला कुणी आलंय याचं कौतुकच वाटतं.

विचारताना चार गोष्टी नक्की करून घ्या. प्यायचं आणि सांडायचं पाणी कुठून मिळेल, गाड्या कुठं लावायच्या, बायकांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी स्वच्छतागृहाची सोय जवळ कुणाच्या घरी आहे का, आणि बसायला सावली आहे का. यातली स्वच्छतागृहाची गोष्ट पुरुषमंडळी विचारायची विसरतात आणि मग आजी, सुना सकाळपासून पाणी प्यायचं टाळतात. मोबदल्याचं बोलणं मोकळेपणानं करा; काही शेतकरी घेतात, काही घेत नाहीत. घेतला नाही तर त्याच्या घरच्या सगळ्यांना पंगतीचं आमंत्रण द्या आणि पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवा. त्या दिवसाचा यजमान तोच.

हुरडा पार्टीची ठिकाणं याच दिवसांत चालू असतात आणि तिथं सोयी चांगल्या असतात. पण तिथं माणशी दर, ठरलेलं जेवण आणि मोठ्या आवाजातली गाणी असतात. मालक बाहेरचं जेवण आणू देत असेल आणि एक शांत कोपरा देत असेल तरच तो मार्ग धरा.

शेत मिळालंच नाही तर सोसायटीची बाग, गच्ची, किंवा घराची बाल्कनी. यात कमीपणा काही नाही. अट एकच: तिथं माती हवी. फरशीवर कोप, म्हणजे कडब्याची छोटी खोपी, मांडून फरशीवरच आंबील (ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पातळ पेय) शिंपडण्यात अर्थ नाही. चार कुंड्या, एखादा वाफा, झाडाचं आळं, काहीही चालेल.

कुंडीतलं शेत

गच्चीत किंवा परदेशात सण करणार असाल तर ही तयारी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. बारा इंची कुंडीत पाच-सहा ज्वारीचे दाणे टाका आणि उगवल्यावर जोमदार तीन रोपं ठेवून बाकीची काढा. ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी अमावास्येपर्यंत चांगली वाढते. दुसऱ्या कुंडीत दिवाळीच्या आसपास गावरान हरभरा पेरा. दीड महिन्यात तो फुलावर येतो. हरभऱ्याला पाणी बेतानं द्या, जास्त झालं की मूळ सडतं. पुणे-मुंबईच्या उन्हात दोन्ही सहज येतात.

थंड देशात ज्वारी तग धरणार नाही, तिला ऊब लागते. तिथं उन्हाच्या खिडकीशी हरभरा लावा, आणि सणाच्या दहा-बारा दिवस आधी नवरात्रात घट बसवतो तसे एका पसरट भांड्यात गहू पेरा. हिरवंगार शेत तयार होतं आणि मुलं रोज उठून किती वाढलं ते बघतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये मात्र उलट: तिकडं डिसेंबर म्हणजे उन्हाळा, त्यामुळं अंगणात ज्वारी दणकून वाढते.

एक महत्त्वाची सूचना. गावाकडून येताना शेतातली माती पुडीत बांधून न्यावी असं फार जणांना वाटतं, आणि ते मन मी समजू शकते. पण माती, कडबा, बियाणं परदेशात नेऊ नका. अमेरिकेत परवान्याशिवाय माती नेता येत नाही आणि ऑस्ट्रेलियाचे नियम तर फारच कडक आहेत. विमानतळावर सामान जप्त होतं, दंडही होतो. त्या देशातली माती हीच आता तुमचं पोट भरते. पूजा तिचीच करा.

कोप

शेतात कडब्याच्या पाच पेंड्या उभ्या करून वर शेंड्याशी बांधतात. त्यावर शाल किंवा रंगीत कापड पांघरतात. आत पाच दगड धुऊन, चुना लावून, पांडव म्हणून मांडतात. ही झाली कोप, काही जण खोपी म्हणतात. आमच्या घरी तिचं तोंड पूर्वेला ठेवतात.

शहरात कडबा कुठून आणायचा? गावाकडंही आता सोयाबीनमुळं ज्वारीचा पेरा घटलाय आणि पूजेपुरता कडबा शेजाऱ्याकडून मागून आणावा लागतो, तेव्हा शहरात अडचण येणारच. गोठा असलेल्या माणसाकडं किंवा वैरणीच्या दुकानात चौकशी करा, पाच लहान पेंड्यांपुरता मिळतो. नसेलच तर मक्याची ताटं किंवा उसाची वाढी चालतात. अमेरिकेत असाल तर एक सोपी युक्ती आहे: ऑक्टोबरात शोभेसाठी मक्याच्या वाळलेल्या ताटांच्या पेंड्या दुकानात विकायला येतात. तेव्हाच पाच घेऊन गॅरेजमध्ये कोरड्या जागी ठेवून द्या. डिसेंबरात शोधायला गेलात तर मिळणार नाहीत.

बाल्कनीतली कोप दीड-दोन फुटांची पुरे. पेंड्यांचे बुंधे कुंडीच्या मातीत रोवा म्हणजे वाऱ्यानं पडत नाहीत. दगड आसपासचे, मुठीएवढे. पानाला लावायचा चुना थोड्या पाण्यात कालवून लावला की झालं. तो नसेल तर तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट. वर हळदी-कुंकू. वाळलेला कडबा पटकन पेट घेतो, म्हणून निरांजन कोपीच्या आत न ठेवता हातभर अंतरावर, बाहेर ठेवा.

सामान

भज्जीचं यश सोलाण्यावर आहे. ओला हरभरा, तुरीचे ओले दाणे, वालाचे किंवा पावट्याचे दाणे, वाटाणा. पुण्या-मुंबईच्या मंडईत हे सगळं डिसेंबरात मिळतं. दोन दिवस आधी शेंगा आणा आणि सगळ्यांनी मिळून सोला. गावाकडं आदल्या रात्री ओसरीवर हेच चाललेलं असतं. सोललेले दाणे विकत मिळतात, पण भिजून ठेवलेले असतात आणि त्यांची गोडी गेलेली असते.

पालेभाज्यांत मेथी, पालक, चुका, चाकवत, करडईची भाजी, हरभऱ्याचा कोवळा पाला, कांद्याची आणि लसणाची पात. सगळ्या मिळाल्याच पाहिजेत असं नाही, पण चुका आणि लसणाची पात सोडू नका. परदेशातल्या भारतीय दुकानांत बर्फातल्या कप्प्यात 'तुवर लीलवा', 'पापडी लीलवा' आणि 'हरा चना' या नावांनी आपले तिन्ही दाणे मिळतात. गुजराती घरांत उंधियूला लागतात म्हणून ते तिथं असतात, आपली सोय होते. चुका नसेल तर अंबाडी घ्या, आंध्र-तेलंगणाच्या लोकांच्या दुकानात ती गोंगुरा म्हणून असते. मात्र ती फार आंबट, तेव्हा चिंच निम्मी करा.

ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ ताजं हवं. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असल्यानं ते लवकर खवट, कडू होतं आणि उंडे, म्हणजे त्याचे उकडलेले गोळे, तोंडात घालवत नाहीत. शहरात धान्य घेऊन गिरणीतून दळून आणा. परदेशात पाकिटावरची तारीख बघा, घरी आणल्यावर चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, आणि फ्रीजरमध्ये ठेवा. अख्खी ज्वारी-बाजरी मिळत असेल तर घरच्या मिक्सरवर दळून चाळून घेतलेलं पीठ जुन्या पाकिटापेक्षा कधीही चांगलं.

खिरीसाठी खपली गहू. युरोप-अमेरिकेत इटालियन सामानाच्या कप्प्यात फॅरो मिळतो. पाकिटावर एमर लिहिलेलं असेल तर ती आपली खपलीच. 'पर्ल्ड' प्रकार घेतला तर सडायची गरज नाही. तेल करडईचं मिळालं तर फारच छान, नाहीतर शेंगदाण्याचं.

स्वयंपाक: दहा माणसांसाठी

क्रम असा ठेवा. तीळ-शेंगदाण्याच्या पोळ्या दोन दिवस आधी. आदल्या दिवशी सकाळी गहू भिजवायचे, संध्याकाळी आंबिलाचं पीठ कालवायचं. भज्जी आणि उंडे त्याच दिवशी पहाटे. या क्रमानं केलं तर घरातल्या बाईला सणाच्या दिवशी उभ्यानं दिवस काढावा लागत नाही. आणि पुरुषांनी सोलणं, चिरणं, भांडी, गाडी भरणं ही कामं आधीच वाटून घ्यावीत. गावाकडं या दिवशी आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन, वरून घोंगडं पांघरून घरचा कर्ता पुरुषच शेताकडं निघतो. तेव्हा कामाची सवय जुनीच आहे.

आंबील. दोन वाट्या ज्वारीचं पीठ चार वाट्या आंबट ताकात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि झाकून ठेवा. पुण्याच्या थंडीत दहा-बारा तासांत आंबतं. जिथं कडाका आहे तिथं भट्टीचा, म्हणजे ओव्हनचा, नुसता दिवा लावून आत ठेवा आणि सोळा-अठरा तास द्या. वर बारीक बुडबुडे आणि छान आंबूस वास आला की तयार. सकाळी दहा वाट्या पाणी उकळून त्यात हे पीठ बारीक धारेनं सोडा आणि हात न थांबवता ढवळा. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटांत पीठ शिजून चकाकी येते. कच्चं राहिलं तर घशाला खवखवतं, म्हणून इथं घाई करू नका. आता थांबा: यातलं दोन वाट्या आंबील मीठ न घालता बाजूला काढून ठेवा. ते मातीसाठी. मीठ कुंडीतल्या रोपांना बाधतं, उघड्या शेतात त्याचं काही वाटत नाही, पण कुंडीत साचतं.

उरलेलं पूर्ण गार होऊ द्या. मगच त्यात सहा-सात वाट्या ताजं ताक घाला. गरम असताना घातलं तर फुटतं. पंधरा पाकळ्या लसूण, पाच-सहा हिरव्या मिरच्या, इंचभर आलं आणि चमचाभर जिरं खलबत्त्यात ठेचून घाला. मीठ, भरपूर कोथिंबीर. फोडणी नको. परदेशात दुकानी ताक घट्ट असतं, त्यात निम्मं पाणी घाला. मातीच्या मडक्यात ठेवलंत तर गारवा आणि वास दोन्ही टिकतो. मडकं आदल्या दिवशीपासून पाण्यात भिजत ठेवा. गाडीतून नेताना मात्र घट्ट झाकणाची स्टीलची किटलीच बरी.

भज्जी. नावावरून तळणीची भजी वाटेल, पण ही दाण्यांची आणि पालेभाज्यांची घट्ट, आंबट भाजी आहे. चारही प्रकारचे दाणे प्रत्येकी एक ते दीड वाटी आणि रात्रभर भिजवलेले अर्धी वाटी शेंगदाणे मिठाच्या पाण्यात शिजवा. मऊ हवेत पण गाळ व्हायला नको, म्हणून कुकर टाळा. बर्फातले दाणे असतील तर ते दहा मिनिटांतच शिजतात. त्यात गाजराचे आणि वांग्याचे तुकडे, मिळाली तर मूठभर बोरं घाला. मग चिरलेल्या पालेभाज्या: सगळ्या मिळून मोठी परात भरून. एवढ्या दिसतात, पण बसून मूठभर होतात.

दोन लिंबांएवढी चिंच कोमट पाण्यात कोळून घ्या. त्या कोळात एक वाटी डाळीचं पीठ कालवून भाजीत ओता, हळद, मीठ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घाला. आता खरं काम आहे: जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर वीस मिनिटं, तळापासून ढवळत. पीठ बुडाशी लागतं आणि एकदा लागलं की सगळ्या भज्जीला करपट वास येतो. शेवटी अर्धी वाटी तेलात मोहरी, जिरं आणि दोन गड्डे ठेचलेला लसूण लाल होईपर्यंत तळून वरून ओता. गरम मसाला, कांदा-टोमॅटो, बटाटा, फ्लॉवर यांतलं काही घालू नका. त्यांनी ओल्या दाण्यांची चव मरते.

उंडे. चार वाट्या बाजरीचं पीठ, मीठ, दोन चमचे तीळ. कढत पाण्यानं घट्ट मळा, लिंबाएवढे गोळे करा, अंगठ्यानं मध्ये खळगा पाडा म्हणजे आतपर्यंत वाफ जाते. चाळणीत ठेवून वीस मिनिटं उकडा. कडबा असेल तर त्याची स्वच्छ धुतलेली ताटं पातेल्याच्या तळाशी आडवीउभी घालून, खाली पाणी ठेवून त्यावर उंडे रचा. असा केलेला उंडा हातानं फोडून भज्जीत कालवायचा आणि वर कच्चं तेल किंवा तूप.

खीर. दोन वाट्या खपली गहू दिवसभर भिजवून, निथळून, हलक्या हातानं सडून कोंडा पाखडून काढा. कुकरला सहा-सात शिट्ट्या द्या. दीड ते दोन वाट्या गूळ, खोबऱ्याचे काप, सुंठ, वेलदोडा, भाजलेली खसखस घालून परत शिजवा. दूध कधीही खिरीत घालून उकळू नका, गुळामुळं नासतं. वाढताना वरून गार दूध घ्या. खसखस काही देशांत नेण्यावर बंदी आहे, तेव्हा ती बॅगेत टाकण्याआधी नियम बघा.

पोळ्यांसाठी तीन वाट्या भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, दोन वाट्या किसलेला गूळ, पाव वाटी भाजलेल्या तिळाचं कूट. कणीक घट्ट भिजवा, त्यात दोन चमचे डाळीचं पीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन. मंद आचेवर भाजल्या तर आठवडाभर टिकतात. बाकी भाकरी, वांग्याचं भरीत, आंबट भात, धपाटे हे हात पोचतील तसं.

दिवस कसा जावा

साडेदहा-अकराला शेतावर पोचा म्हणजे बारापर्यंत पूजा होते. आधी कोप उभी करा. पांडवांना पाणी, हळदी-कुंकू, फुलं वाहा. ज्वारीच्या ताटाला खण लावून ओटी भरा. मग केलेल्या प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा नैवेद्य दाखवा.

त्यानंतरचा भाग शहरात सर्रास गाळला जातो आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो: चर शिंपणं. एकाच्या हातात आंबिलाचं भांडं, दुसऱ्याच्या हातात पाल्याची डहाळी, मागं बाकीची माणसं. कोपीला पाच फेरे घालायचे, मग पिकाच्या कडेकडेनं आंबील आणि भज्जी-उंड्याचे कण शिंपडत जायचं आणि सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं, 'ओलगे ओलगे सालम पोलगे'. हे कानडी वळणाचे शब्द आमच्या आजोबांनी म्हटले तसेच मुलांकडून म्हणवून घ्या. लाजून कुजबुजत म्हणण्यात मजा नाही, तेव्हा सोसायटीत शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि मोकळ्या गळ्यानं म्हणा. बाल्कनीत असाल तर बाजूला काढलेलं अळणी आंबील प्रत्येक कुंडीला चमचा-दोन चमचे द्या. भज्जीचे कण मातीत बोटानं पुरा, उघडे टाकले तर उंदीर आणि कबुतरं येतात.

दुसऱ्याच्या शेतात असाल तर बांधावरूनच फिरा. पिकात शिरू नका, विचारल्याशिवाय कणीस किंवा घाटा तोडू नका, आणि हे मुलांना गाडीतून उतरण्याआधीच सांगा.

मग पंगत. दुपारी झाडाला झोका बांधा, पतंग उडवा, म्हाताऱ्यांना सतरंजीवर आडवं होऊ द्या. उन्हं कलली की बोळक्यात दूध उतू घालतात. ज्या दिशेला दूध उतू जातं त्या दिशेला पीक चांगलं, अशी समजूत. हे बाल्कनीत छोट्या शेगडीवरही करता येतं आणि मुलं डोळे लावून बसतात.

अंधार पडताना शेतात हेंडगा, म्हणजे कडब्याचा टेंभा, पेटवून पिकाभोवती फिरवतात. याबाबत मात्र मी ठाम आहे: परक्या शेतात मालक स्वतः हो म्हणाला, वारा पडलेला असला आणि पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या हाताशी असल्या तरच. ज्वारीच्या खालच्या वाळक्या पानांना ठिणगी पुरते. गच्चीत, बाल्कनीत, सार्वजनिक बागेत हेंडगा नको. तिथं कंदील घेऊन कुंड्यांना प्रदक्षिणा घाला. ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यात काही दिवस उघड्यावर आग लावायला पूर्ण बंदी असते, तिथं दिवाही घरातच.

गावाकडच्या शेताशी व्हिडिओ कॉल करायचा असेल तर वेळ आधी जुळवा. तिकडं बाराला कोपीची पूजा होते तेव्हा लंडनमध्ये सकाळचे साडेसहा आणि न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा दीड वाजलेला असतो. अमेरिकेतल्यांनी हेंडग्याची वेळ धरावी. आपल्या संध्याकाळी साडेसहाला न्यूयॉर्कमध्ये सकाळचे आठ वाजतात, मुलंही उठलेली असतात.

पंगतीला कोण

येळवसेला बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. गावात ज्यांना शेत नाही त्यांना तर आठ दिवस आधीपासून आमंत्रणं असतात. शहरात आपण येळवस म्हणजे आपल्याच लोकांचं स्नेहसंमेलन करून टाकतो, आणि तिथं तिचा जीव जातो. वीस माणसांचा स्वयंपाक करणार असाल तर पाच-सहा ताटं अशांसाठी धरा ज्यांना तुम्ही एरवी बोलावलं नसतं.

पुण्यात हे शोधायला लांब जावं लागत नाही. तुमच्या सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन, समोरच्या बांधकामावरचा गवंडी, स्वारगेटजवळच्या खोलीत राहून परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं, यांत लातूर-नांदेड-धाराशिवची माणसं हमखास निघतात. त्यांना आज सुट्टी नाही, गावी जायला पैसे नाहीत, आणि खोलीत भज्जी करता येत नाही. वॉचमनला ताट नेऊन देणं वेगळं आणि त्याच्या ड्यूटीची वेळ विचारून त्याला पंगतीत शेजारी बसवणं वेगळं. दुसरं करा. ज्याची पाळी संपत नाही त्याच्यासाठीच डबा.

परदेशात शेजारच्या घराला बोलवा. आंबील सगळ्यांना पहिल्या घोटात आवडत नाही. लहान पेल्यात द्या आणि आग्रह करू नका. पोळी आणि खीर सगळ्यांना आवडते. दाणे-शेंगदाण्यांची कुणाला ॲलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारा, कारण या जेवणात शेंगदाणा जवळजवळ सगळ्यात आहे.

आवराआवर

शेत सोडताना पत्रावळी, कागदी पेले, प्लास्टिक एका पोत्यात भरून परत आणा. उष्टं अन्न मालकाला विचारून गुरांना किंवा खतात. कोपीचा कडबा गुरांपुढं टाका. बाल्कनीतली कोप दुसऱ्या दिवशी सोडवून, तुकडे करून कुंड्यांवर पसरली तर आच्छादन होतं. पांडव धुऊन झाडाच्या बुंध्याशी ठेवून द्या, पुढच्या वर्षी तेच कामाला येतात.

उरलेली भज्जी फ्रिजमध्ये दोन दिवस राहते आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या उंड्याबरोबर जास्त लागते. गरम करताना वाटीभर पाणी घाला, डाळीच्या पिठामुळं ती आळते. ताक घातलेलं आंबील मात्र त्याच रात्री संपवा. दुसऱ्या दिवसासाठी हवं असेल तर शिजवलेलं पीठ वेगळं ठेवा आणि प्यायच्या वेळी त्यात ताक मिसळा.